हातघडणीच्या पात्यांचा संग्रह: मराठवाड्यात सुरुवात कुठून करावी, काय पारखावं, काय जपावं

हातानं घडवलेल्या सुऱ्या-चाकूंचा संग्रह करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी मोबाइल उघडतात. तिथे लाटांसारखी नक्षी असलेली डमास्कसची पाती दिसतात. किंमत एक तर डोळे पांढरे करणारी असते, नाही तर इतकी कमी की शंका यावी. माझं सांगणं असं की पहिली तीन-चार पाती आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारातून घ्यावीत, भट्टीसमोर बसून, घडवणाऱ्याच्या हातून. पातं पारखणारा डोळा तिथेच तयार होतो. घाई करण्यासारखं कारणही आहे. कारखान्यातून छापून आलेले विळे-खुरपी हार्डवेअरच्या दुकानात टांगलेले असतात, सोयाबीन-गव्हाला हार्वेस्टर लागतो, आणि रस्त्याकडेला पाल ठोकून भाता चालवणाऱ्या घिसाडी कुटुंबांतली मुलं दुसरी कामं शोधतात. आज जो हात काम करतोय त्याच्याकडून आजच घडवून घ्यायला हवं.

सर्वात आधी काय जमवायचं ते ठरवा. 'चाकू जमवतो' हे पुरेसं नाही. वर्षभरात तीस पाती होतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. मराठवाड्यात राहणाऱ्याला दोन-तीन चांगल्या वाटा आहेत. एक म्हणजे कामाची पाती: कोयता, विळा, विळी, सत्तूर, खाटकाची सुरी, चांभाराची रापी. दुसरी वाट एकाच प्रकाराची, उदाहरणार्थ फक्त अडकित्ते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले की एवढ्याशा वस्तूत किती प्रकार असू शकतात ते कळतं. तिसरी वाट आजच्या कस्टम चाकूंची, म्हणजे ठरावीक पोलाद, मोजून केलेलं हीट ट्रीटमेंट आणि घडवणाऱ्याचा ठसा असलेली पाती. माझ्या मते पहिल्या वाटेनं सुरुवात करून तिसरीकडे जावं. उलट दिशेनं गेलेल्यांना पुढे साधा विळा दिसतच नाही.

तलवारी, कट्यारी, जुनी लढाऊ शस्त्रं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला कायद्याची बाजू आहे. ती पुढे येईलच. ती शस्त्रं पाहावीत मात्र जरूर. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातला शस्त्रविभाग लातूर-नांदेडकडच्या माणसाला लांब नाही. तिथे मुठीची पकड, पात्याचा फुगवटा, पाठीची जाडी टोकाकडे कशी कमी होत जाते, एवढंच बघत फिरलात तरी दिवस सार्थकी लागतो.

भट्टीपाशी काय बघायचं

घिसाड्याच्या भट्टीपाशी जाताना दुपारची गिऱ्हाइकी टाळा. सकाळी लवकर जा, बसायची परवानगी मागा, फोटो काढायच्या आधी विचारा. भाता फिरवायला आणि घण मारायला बहुतेक वेळा घरची बाईच असते. कारागीर सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीनं जागा दाखवतो आणि ती नेमका तिथेच घण घालते. संग्रहाच्या नोंदीत दोघांचीही नावं यायला हवीत, कारण पातं दोघांनी घडवलेलं असतं.

मग लोखंड कुठलं ते विचारा. चांगला कारागीर ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या कमानीचा पाटा वापरतो. या स्प्रिंगच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, त्यामुळे पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून थंड केल्यावर, ते कडक होतं आणि मार खाऊनही तुटत नाही. कोयता-कुऱ्हाडीला याहून चांगलं काही लागत नाही. जुन्या कानशीत कार्बन जवळपास दुप्पट असतो. तिची लहान सुरी फार तिखट धार धरते, पण आपटली तर तुकडा उडतो. बेअरिंगच्या पोलादात १ टक्क्याच्या आसपास कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. ते घडवायला कष्टाचं, पण पातं सुरेख होतं. बांधकामाची सळई मात्र कुणी कितीही चकाकवून दिली तरी घेऊ नका. तिच्यात कार्बन इतका कमी की पाणी चढतच नाही आणि धार दोन दिवसांत बसते.

आता खरी गोष्ट, पाणी देणं. संग्राहकाला एकच गोष्ट जवळून बघायला मिळाली तर ती ही असावी. पातं घडून झालं, कानशीनं आकार आला, की कारागीर ते पुन्हा भट्टीत घालतो आणि धारेकडचा भाग सारखा लाल होईपर्यंत पुढे-मागे सरकवत राहतो. रंग बघायला सावली लागते. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि पातं जास्त तापतं, म्हणून जाणता कारागीर हे काम सकाळी किंवा पालाच्या आत करतो. ७७० अंश सेल्सियसच्या आसपास पोलादाला लोहचुंबक चिकटायचं थांबतं; त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायची वेळ झाली. घिसाड्याला चुंबक लागत नाही, त्याच्या डोळ्यात तो रंग असतो. तो पातं उभं धरून फक्त धारेची कड पाण्यात किंवा तेलात बुडवतो, पाठ बाहेर ठेवतो. मग पटकन वर काढून विटेच्या तुकड्यानं धारेजवळ घासून पांढरी पट्टी काढतो आणि तिच्याकडे एकटक पाहत थांबतो. पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे उतरू लागते आणि त्या पांढऱ्या पट्टीवर रंग चालत येतात: आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सुरीला पिवळ्यावर थांबवायचं, कोयत्या-कुऱ्हाडीला तपकिरी-जांभळ्यापर्यंत येऊ द्यायचं, आणि त्या क्षणी पुन्हा बुडवायचं. पिवळा म्हणजे साधारण २०० ते २३० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. "पाणी जास्ती झालं की पातं बांगडीवानी फुटतंय, कमी झालं की पत्र्यावानी वळतंय," हे वाक्य भट्टीपाशी तुम्हाला या ना त्या रूपात ऐकू येईलच. अख्ख्या धातुशास्त्राचं सार त्यात आहे.

म्हणूनच नवी सुरी घेतल्यावर ती चौकातल्या ग्राइंडरवाल्याकडे नेऊ नये. चाकावर धार निळी पडली की पाणी उतरलं. त्या जागी पुन्हा कितीही पाजवा, धार टिकत नाही. जुनं पातं घेतानाही धारेवर निळसर डाग दिसतो का ते आधी बघा.

घेण्यापूर्वीची पारख

पातं हातात आल्यावर पहिली नजर पाठीवरून टोकाकडे टाका, बंदुकीचा नेम धरतात तशी. पीळ किंवा वाक लगेच कळतो. मग धार उजेडाकडे करा. जिथे उजेड चमकतो तिथे धार बोथट आहे किंवा कंगोरा आहे, कारण तिखट धारेवर उजेड ठरत नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का ते पाहा. बाजारच्या विळ्याला थोडा फरक चालतो, हजारो रुपयांच्या कस्टम चाकूला चालत नाही.

कडकपणा तपासायला परवानगी घेऊन बारीक कानस धारेच्या मुठीकडच्या टोकावर हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाणी चढलेलं आहे, लोण्यासारखी खात गेली तर नाही. याहून बारकाईची कसोटी पितळी गजाची. साधारण पाव इंच जाडीचा गज आडवा धरून त्यावर धार जवळजवळ सपाट, वीसेक अंशांत टेकवून दाबायची. धार किंचित वाकलेली दिसते आणि दाब काढला की परत सरळ होते, तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ, कड तुटली तर ठिसूळ. विकणाऱ्याच्या पुढ्यात त्याला न विचारता असले प्रयोग करू नयेत, पण चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

ट्रकच्या पाट्यात एक लपलेला दोष असतो. वर्षानुवर्षं हेलकावे खाल्ल्यानं त्यात केसासारख्या भेगा पडतात, बहुतेक मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. म्हणून घडवून घेताना पाट्याचा मधला भाग टाळायला सांगा. आणि घडलेलं पातं दोन बोटांत लटकवून हलकं ठोका: निकोप पातं खणखणतं, भेग असलेलं दबकं वाजतं.

ऑर्डर देताना

पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा आकार कापून न्या. तोंडी वर्णनानं काम भागत नाही. मूठही पुठ्ठ्यातच दाखवा. स्वयंपाकाच्या सुरीला पाठीची जाडी २ ते ३ मिलिमीटर पुरते. कमानीचा पाटा मात्र ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो, तो ठोकून पातळ करण्यात वेळ आणि कोळसा जातो. म्हणजे पातळ सुरी जाड कोयत्यापेक्षा स्वस्त असेल असं धरून चालू नका. भाव पाडत बसू नका. विळ्याच्या भावात सुरी मागितली तर विळ्याइतकंच लक्ष मिळेल. अर्धे पैसे आधी द्या, बाजाराचा पुढचा वार ठरवा, आणि काम झालं नसेल तर त्याच्या पुढचा.

मुठीचं लाकूड स्वतः पुरवलेलं चांगलं. आपल्याकडे बाभूळ आहे, आणि तिच्यासारखं हत्याराचं लाकूड शोधून सापडायचं नाही. पण ती वर्ष-दोन वर्षं सावलीत सुकलेली हवी, कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग लावून, नाही तर टोकाकडून तडकते. शिसव, खैर, चिंचेचा गाभाही उत्तम. ओलं लाकूड घातलं की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मूठ आकसते, रिबिटं वर येतात आणि पातं खुळखुळतं. मुठीला जवसाचं तेल पुसा. ते वाळून लाकडात बसतं. पातळ हात, एक दिवस थांबा, पुन्हा पातळ हात. तेलानं भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघडी पसरून वाळवा.

आणि एक विनंती आवर्जून करा: पात्यावर खूण हवी. आपल्या बाजारातले बहुतेक कारागीर ठसा मारत नाहीत, म्हणून त्यांची पाती एका पिढीत निनावी होतात. कारागिराच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा पोलादी ठसा शहरात करून मिळतो. तो करून त्याला भेट द्या आणि पाणी देण्याआधी, मुठीजवळ मारायला सांगा. पाणी दिल्यावर तो नीट उमटत नाही. संग्राहक म्हणून तुम्ही करू शकाल असं याहून उपयोगाचं काम मला माहीत नाही.

जुने कोयते हवे असतील तर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांकडे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात विचारा. हंगामाच्या आधी किंवा मध्ये कुणाच्या हातचं हत्यार मागू नये, त्यावर घर चालतं. पैसे देण्यापेक्षा चांगला नवा कोयता करून देऊन जुना घ्यावा. पाजवून पाजवून अर्ध्यावर आलेलं पातं, घामानं काळी पडलेली मूठ, हातोडीचे अजून दिसणारे ठोके: ते सगळं तसंच ठेवा. सँडपेपर मारून चकचकीत केलात तर संग्रहात ठेवण्यासारखं काही उरत नाही.

कस्टम चाकूंकडे वळताना

आधुनिक कस्टम चाकूची चळवळ मुख्यतः अमेरिकेत वाढली. बॉब लव्हलेस यांनी पोलादाच्या पट्टीतून घासून आकार काढण्याची पद्धत लोकप्रिय केली; बिल मोरान यांनी १९७३ मध्ये थरांच्या डमास्कस पोलादाची पाती दाखवली आणि ती कला पुन्हा रुजली. पुढे १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या परीक्षेत उमेदवाराच्या पात्यानं लोंबता जाड दोर एका घावात तोडायचा, लाकडाच्या फळ्या तोडायच्या, त्यानंतरही त्याच धारेनं हातावरचे केस उतरले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवायचं, तुटू न देता. तुमच्या संग्रहातल्या पात्यावर हे करायचं नाही अर्थातच. पण घडवणाऱ्याला 'तुमचं पातं कशा कसोट्या पार करतं?' हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे.

आता भारतातही कस्टम चाकू घडवणारे बरेच आहेत. त्यांना पोलादाचा प्रकार, हीट ट्रीटमेंट कुणी आणि कशी केली, रॉकवेल या मापावर कडकपणा किती, हे विचारा. स्वयंपाकाच्या कार्बन-पोलादी सुरीला ५८ ते ६१ ही चांगली मर्यादा. डी-२ सारखं बारा टक्के क्रोमियमचं पोलाद धार फार दिवस धरतं, पण पाजवायला चिवट आणि पुरतं स्टेनलेसही नाही. नवशिक्यानं १०८४ किंवा ५१६० सारखं साधं पोलाद घ्यावं. चुकलं-माकलं तरी घरी दगडावर धार परत आणता येते.

डमास्कसमध्ये फसवणूक सर्वात जास्त. खरं डमास्कस म्हणजे दोन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत जोडून, घडी घालून केलेलं पातं. आम्लात बुडवलं की एक थर काळा पडतो, दुसरा उजळ राहतो. नकली पात्यावर ही नक्षी लेझरनं किंवा आम्लानं नुसती वर उमटवलेली असते. पाठीवर बघा: खऱ्या पात्यात थर पाठीवरूनही पलीकडे जातात. शंका असेल तर मुठीजवळ नखाएवढी जागा घासून त्यावर फेरिक क्लोराइडचा सौम्य थेंब ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते मिळतं, हातमोजे घाला. नक्षी परत आली तर खरं. मात्र खरे थर असले म्हणजे धार चांगली असं नाही. कडकपणाची चौकशी तिथेही करायचीच.

एखादा विक्रेता 'वूट्झ' म्हणून पातं दाखवील. वूट्झ हे वेगळं, मुशीत वितळवून केलेलं पोलाद. ते जिथे होत असे त्यांपैकी कोनासमुद्रम हे गाव नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात आहे. तिथल्या मुशींचं आणि पोलाद न्यायला आलेल्या इराणी व्यापाऱ्याचं भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयझी यांनी केलेलं वर्णन १८३२ साली छापून आलं. एकेकाळी निजामाच्या राज्यात आपण आणि ते गाव एकत्रच होतो. पण खरं जुनं वूट्झ पातं दुर्मिळ आणि महाग असतं. जाणकाराच्या लेखी अभिप्रायाशिवाय त्या नावावर पैसे मोजू नका.

कायदा

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, तसंच तलवारी, खंजीर वगैरे धारदार शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी केलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. कोयता शेतात शेतीचं हत्यार असतो. रात्री चौकात कमरेला लावलेला तोच कोयता पोलिसांच्या नजरेत शस्त्र ठरतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्याजिल्ह्यांत सण, निवडणुका, आंदोलनांच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत संग्रहातली वस्तू घेऊन फिरूच नका. एरवी नेताना पातं गुंडाळून, बंद पेटीत, डिकीत, पावतीसह न्या. विमानात हातातल्या सामानात चालत नाही. मोठी पाती घ्यायची असतील तर आधी पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारा. पात्यासह पोझ देऊन फोटो टाकू नका. त्यावर गुन्हे दाखल झाले आहेत.

नांदेडला हजूर साहिबच्या परिसरात कृपाणी आणि तलवारींची दुकानं आहेत. शीख धर्मीयांना कृपाण धारण करण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २५ नं दिलेला आहे. तो श्रद्धेचा भाग आहे, संग्राहकाची सवलत नव्हे. हस्तिदंत, सांबर-चितळाच्या शिंगांची मूठ असलेलं काहीही वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे दूर ठेवा. म्हशीचं शिंग हा चांगला पर्याय आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, परदेशी पाठवण्याचा विचार करू नका.

नोंद आणि जपणूक

प्रत्येक पात्याला वहीत एक पान द्या. घडवणाऱ्यांची नावं, गाव, कुठल्या बाजारात घेतलं, तारीख, पोलाद, मूठ, लांबी, वजन, दिलेली किंमत, आणि ते कशासाठी वापरलं जायचं. अडकित्ता कुणाच्या आजीचा, कोयता कुठल्या कारखान्याच्या फडात चालला, हे आज विचारलं तर कळतं. क्रमांक पात्यावर लिहू नका, दोऱ्याच्या चिठ्ठीवर लिहा.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. म्यान नेण्यापुरतं. चामडं दमट हवा शोषतं, त्यातल्या रसायनांनी पोलादाला गंज आणि पितळेला हिरवा थर चढतो. लाकडी खणात, एकमेकांना न लागता, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पुसा. बोटांच्या घामाचे ठसे दोन दिवसांत तांबडे दिसू लागतात. पात्याला शिलाई मशीनचं तेल किंवा पातळ मेण लावा. जवस किंवा करडईचं तेल लोखंडाला नको. ते वाळून पिवळा चिकट थर धरतं. खाण्याच्या सुरीला खोबरेल चालतं.

कांदा, लिंबू, चिंच कापून कार्बन पोलादावर येणारी राखाडी-निळी छटा गंज नव्हे, ती पात्याचं रक्षण करते. तिला घासू नका. तांबडा, भुसभुशीत डाग मात्र गंजाचा. तेल आणि बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं काढा.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं बाहेर निघतातच. त्याच दिवशी सगळी पाती तपासून वहीत शेरा लिहावा. वापरातल्या सुरीची धार कुठे बसली, मूठ कुठे हलली, तेही लिहा. पुढच्या बाजाराला ती सुरी गुंडाळून ज्यानं घडवली त्याच्याकडे परत न्या आणि दाखवा. त्याच्या हातच्या कामाचं वर्षभरानं काय झालं हे त्याला सहसा कुणी येऊन सांगत नाही. दुसरी सुरी तो घडवतो तेव्हा तिथे पाणी थोडं वेगळं देतो, पाठ थोडी जाड ठेवतो. संग्रहात या दोन्ही सुऱ्या शेजारी ठेवा.